कोंडवाड्यापासून जॅमरपर्यंत : गायरान नसताना गुरे कोंडण्याचा इतिहास

#इतिहास #वऱ्हाड #यवतमाळ (दीर्घ धागा)

१/ रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीच्या चाकाला लोखंडी जबडा बसलेला दिसला की मालकाच्या पोटात गोळा येतो. आपल्याकडे या यंत्राला सरसकट ‘जॅमर’ म्हणतात आणि ते शहरी, परदेशी, अगदी अलीकडचे मानतात. यंत्र परदेशी आहे हे खरे. मात्र देणे चुकते होईपर्यंत माणसाचे चालते साधन अडकवून ठेवण्याची युक्ती वऱ्हाडातल्या गावोगावी जुन्या ओळखीची आहे. यवतमाळ जिल्ह्यात तिचे नाव कोंडवाडा. या दोहोंचे नाते उपमेपुरते नाही. ते कायद्याचेही आहे. जॅमर केव्हा न्याय्य ठरतो आणि केव्हा जुलमी, हेही त्या नात्यातूनच उमगते.

२/ आधी शब्दांकडे पाहू. माणसाचे पाय अडकवायचा तो खोडा. घोड्याच्या पायांना घालायचा तो पायबंद. मारक्या किंवा पळपुट्या जनावराच्या गळ्यात अडकवायचा लाकडी ओंडका म्हणजे लोढणे. मालमत्तेवर सरकारी हात पडला की ‘टाच आली’. खोडा घालणे, पायबंद घालणे, गळ्यातले लोढणे हे वाक्प्रचार आजही रोजच्या बोलण्यात आहेत. चालणाऱ्याला थांबवून वठणीवर आणण्याची कल्पना मराठी भाषेत इतकी मुरलेली असताना मोटारीच्या चाकाच्या खोड्याला मात्र उसना शब्द घ्यावा लागला.

३/ इंग्रजी अमलाआधी वसुलीचा रोख प्रायः देणेकऱ्याच्या देहावर असे. धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे. सरकारी येणे थकले तर घरावर मोहसल बसे, आणि त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च थकबाकीदाराच्याच माथी पडे. पेशवाईच्या अखेरीनंतर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचे प्रकार नोंदले आहेत : माणसावर पहारा बसवणे, त्याला जेवू न देणे, भर उन्हात डोक्यावर जड दगड देऊन उभे करणे. वसुलीचा रोख देहावरून वस्तूकडे वळणे ही प्रगतीच होती. पण वस्तू अडकवली म्हणजे तिच्यावर जगणारा माणूस सुटतोच असे नाही. हा प्रश्न पुढे पुन्हा येईल.

४/ इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात एक मध्ययुगीन हक्क होता. दुसऱ्याचे जनावर आपल्या शेतात शिरून नासधूस करीत असेल, तर भरपाई मिळेपर्यंत ते अडकवून ठेवता येई. त्यासाठी गावोगावी गुरांचे वाडे असत. हीच कल्पना हिंदुस्थानात लिखित कायद्याच्या रूपाने आली : प्रथम १८५७ चा तिसरा कायदा आणि मग त्याची जागा घेणारा १८७१ चा पहिला कायदा, म्हणजे ‘कॅटल ट्रेसपास अॅक्ट’. गावाने त्याला कधीच त्या नावाने ओळखले नाही. गावासाठी तो कोंडवाड्याचा कायदा.

५/ या कायद्याचा दरपत्रक म्हणून विचार केला तरी तो वाचनीय आहे. हत्ती कोंडला तर दंड २ रुपये. उंट किंवा म्हैस असेल तर ८ आणे. घोडा, खेचर, बैल, गाय यांना ४ आणे. वासरू, गाढव, डुक्कर यांना २ आणे. शेळीमेंढीला १ आणा. शेतकऱ्याने आपल्या पिकात शिरलेले जनावर धरावे आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोहोचवावे. सार्वजनिक रस्ते, कालवे, बंधारे, लागवडी यांवर नासधूस करणारी किंवा मोकाट आढळलेली गुरे धरण्याचा अधिकार त्या त्या जागेच्या रखवालीवरील माणसांना आणि पोलिसांना होता. सार्वजनिक रस्त्यावर भलत्या जागी आढळलेले ‘वाहन’ अडकवण्याची पद्धत मोटार येण्याच्या कितीतरी आधी कागदावर तयार होती, ती अशी.

६/ याच कायद्यात कोंडवाडा चालवणाऱ्यावर घातलेली बंधनेही मोठी आहेत. आलेल्या प्रत्येक जनावराची नोंद वहीत हवी. त्याला चारापाणी देण्याची जबाबदारी कोंडवाड्याची. सात दिवसांत कोणी न्यायला आले नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचे, ठाण्याने नोटीस लावायची, आणि आणखी सात दिवस वाट पाहूनच लिलाव करायचा. मालक हजर होऊनही पैसे देत नसेल, तर देणे फिटेल इतकीच जनावरे विकायची. उरलेली जनावरे आणि उरलेले पैसे मालकाला परत. लिलावात कोंडवाड्याच्या रखवालदाराने किंवा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्याने बोली लावायची नाही.

७/ आणखी दोन तरतुदी महत्त्वाच्या. जनावर बेकायदा धरले आहे असे मालकाचे म्हणणे असेल, तर दंडाची रक्कम अनामत ठेवून तो जनावर ताबडतोब घरी नेऊ शकत होता. वाद नंतर मॅजिस्ट्रेटपुढे चाले. तक्रारीची मुदत दहा दिवस. धरपकड बेकायदा ठरली तर शंभर रुपयांपर्यंत भरपाई, शिवाय भरलेले पैसे परत. बैलाचा दंड ४ आणे, म्हणजे पाव रुपया. कमाल भरपाई त्याच्या चारशेपट. आजच्या ५०० रुपयांच्या दंडाला हे प्रमाण लावले तर चुकीच्या कारवाईची कमाल भरपाई दोन लाख रुपये होते. आकडा अतिशयोक्त वाटेल. मात्र प्रमाण १८७१ चेच आहे.

८/ उलट बाजूही नोंदवली पाहिजे. धरलेली गुरे जबरदस्तीने सोडवून नेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. पाव रुपयाच्या बैलासाठी माणूस तुरुंगात जाऊ शकत होता. परक्या सत्तेचा कायदा होता. त्याला धाक हवाच होता. तरीही ज्याचे जनावर अडकवायचे त्याच्याविषयी सरकारचे काही कर्तव्य आहे, ही जाणीव त्याच्या कलमाकलमात दिसते.

९/ आता यवतमाळ. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मुलूख कागदोपत्री निजामाचाच राहिला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, ते स्वतंत्रपणे लागू करावे लागत. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, आणि पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. त्या वर्षीच्या फेररचनेत तो यवतमाळला मिळाला. कापसाची काळी जमीन आणि सागवानाचे डोंगर शेजारीशेजारी असलेला हा मुलूख. एकीकडे पीक, दुसरीकडे राखीव जंगल आणि मधोमध गुरे : कोंडवाड्याला इतकी पोषक भूमी क्वचितच असेल.

१०/ कोंडवाडा हा निव्वळ जुलूम होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य ठरेल. चार एकरांवर ज्वारी पेरलेल्या कुणब्याच्या शेतात मालगुजाराची किंवा पाटलाची वीस गुरे रात्रीतून शिरली, तर सकाळी त्याच्या हाती उरे काय? भांडायला गेला तर मार. दिवाणी दावा लावायला पैसा नाही. अशा माणसाला कोंडवाडा हे एकच स्वस्त हत्यार होते. गायकी किंवा ढोरकी बेसावध राहिला तर धन्याला चार आणे मोजावे लागत, आणि तेवढ्या भीतीने पुष्कळ पिके वाचत. बलिष्ठाच्या बेपर्वाईला दुर्बळाने घातलेला तो पायबंद होता. जॅमरच्या बाजूने जे सर्वांत चांगले बोलता येईल तेही हेच आहे.

११/ मग बिघाड कुठे झाला? पहिला बिघाड पैशाचा. मूळ कायद्यात दंडातून उरलेली शिल्लक रस्ते, पूल आणि लोकोपयोगी कामांवर खर्चायची होती. १८९१ च्या दुरुस्तीने कोंडवाड्यांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची आणि शिल्लक त्यांच्या निधीत जमा करण्याची मुभा दिली. वरवर पाहता हे विकेंद्रीकरण. पण जी संस्था दंड ठरलेल्या दराने गोळा करते, तिच्याच तिजोरीत तो पडू लागला की गुरे कमी भटकावीत अशी इच्छा कोणाला उरते? दंडाचा हेतू वर्तन सुधारणे हा असतो; उत्पन्नाचा हेतू वर्तन तसेच चालू राहावे हा असतो. एकाच वहीत हे दोन हेतू सुखाने नांदत नाहीत.

१२/ दुसरा बिघाड जंगलाचा, आणि तो यवतमाळने फार जवळून पाहिला. वऱ्हाडात जंगलांचे तीन वर्ग पाडलेले होते : लाकूडफाट्याचे ‘अ’, गवताच्या रमण्यांचे ‘ब’, चराईचे ‘क’. गावच्या मोफत चराईची जमीन ती ‘ई-क्लास’. हा शब्द आजही तलाठ्याच्या दप्तरात आणि गावच्या तोंडी जिवंत आहे. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या तसतशी पिढ्यान्‌पिढ्यांची चराई एका रात्रीत ‘घुसखोरी’ झाली. गुरे तीच, वाटा त्याच. बदलली ती नकाशावरची रेषा.

१३/ या रेषेला दात आले ते कोंडवाड्यामुळे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे कलम ७० सांगते की राखीव जंगलात शिरलेली गुरे ही १८७१ च्या कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक लागवडीची नासधूस करणारी गुरे मानली जातील, आणि वनाधिकारी किंवा पोलीस अधिकारी ती कोंडू शकेल. येथे ‘मानली जातील’ हे शब्द निर्णायक आहेत. शेतकऱ्याच्या पिकात नासधूस डोळ्यांना दिसते. जंगलात ती दिसण्याची गरजच उरली नाही; पाऊल पडले की नुकसान झाले असे कायद्याने गृहीत धरले. नुकसानीच्या भरपाईचे साधन हद्द ओलांडण्याच्या शिक्षेचे साधन बनले.

१४/ हे दुखणे केवळ वऱ्हाडाचे नव्हते. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात डोंगर, दऱ्याखोरी आणि गायराने जंगलखात्याच्या घशात गेल्याची आणि शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा न उरल्याची तक्रार कडक शब्दांत मांडली आहे. फुल्यांचे म्हणणे गुरांना मोकाट सोडा असे नव्हते. आधी चरायची जागा काढून घ्यायची आणि मग चरल्याबद्दल दंड करायचा, या क्रमाला त्यांचा आक्षेप होता.

१५/ ही तक्रार १९३० मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उघड सत्याग्रहाचे रूप घेऊन उभी राहिली. दांडीला मीठ होते. वऱ्हाडाला समुद्र नाही. येथे मोडण्यासारखा, प्रत्येक घराला टोचणारा कायदा होता तो जंगलाचा. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून तो मोडला आणि कारावास पत्करला. पाठोपाठ यवतमाळजवळच्या लोहारा जंगलातही सत्याग्रह झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. मूठभर गवतासाठी माणसे तुरुंगात गेली, कारण त्या मुठीत चराईचा हक्क होता.

१६/ कोंडवाड्याच्या इतिहासाचा निष्कर्ष येथे मांडता येतो. १८७१ च्या कायद्यात नोंदवही होती, चारापाणी होते, अनामत होती, भरपाई होती. तरीही लोक त्याला विटले. कागदावरचे संरक्षण गायरानाची उणीव भरून काढू शकले नाही. गायरान शाबूत असताना कोंडवाडा शिस्त लावतो. गायरान गेले की तोच कोंडवाडा जगण्यावर दंड बसवतो. यंत्र एकच, दंड एकच. फरक पडतो तो ‘मग गुरे न्यायची कुठे?’ या प्रश्नाला उत्तर आहे की नाही, यावर.

१७/ आता चाकाकडे. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात दंडाच्या पावत्या न भरणाऱ्यांच्या गाड्या पोलीस उचलून वाड्यात नेत. तेथे गाड्यांची मोडतोड होई, सामान चोरीला जाई, आणि भरपाई शहराला मोजावी लागे. यावर फ्रँक मारुग या साचे घडवणाऱ्या कारागिराने तोडगा काढला. हा गृहस्थ डेन्व्हरच्या सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिनही वाजवत असे. गाडी हलवायचीच नाही. चाकालाच लोखंडी जबडा बसवायचा. ५ जानेवारी १९५५ रोजी डेन्व्हर पोलिसांनी तो प्रथम वापरला आणि पहिल्या पंचवीस दिवसांत १८ हजार डॉलरहून अधिक दंड वसूल केला. पेटंट १९५८ चे. लोक त्याला ‘बूट’ म्हणू लागले. आपल्याकडे ‘टाच’, तिकडे ‘बूट’ : हा योगायोग म्हणूनच मजेदार.

१८/ या तपशिलात इतिहासाच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट दडलेली आहे. कोंडवाड्यात नेलेल्या वस्तूची जबाबदारी नेणाऱ्यावर येते. बैलाला कडबा टाकावा लागतो. मोटारीची राखण करावी लागते. जॅमरने कोंडवाडाच चाकापाशी आणला आणि ही जबाबदारी झटकून टाकली. आता गाडी अडकलेली आहे, पण ती उभी आहे मालकाच्याच जोखमीवर. रात्री काच फुटली तर तो मालकाचा प्रश्न. सत्तेने अधिकार ठेवून घेतला आणि कडब्याचा भारा मात्र खाली टाकला. जॅमर स्वस्त पडतो याचे हेही एक कारण आहे.

१९/ जॅमर आणि कोंडवाडा यांचे नाते न्यायालयातही पोहोचले. लंडनच्या रस्त्यांवर जॅमर १९८३ मध्ये आला. खासगी जागांचे मालकही तो वापरू लागले. इंग्लंडमधील ट्रुरो येथील एका खासगी वाहनतळाचा वाद १९९५ मध्ये अपील न्यायालयापुढे आला. जॅमर लावणाऱ्याच्या बाजूने तोच मध्ययुगीन गुरे अडकवण्याचा हक्क पुढे केला गेला. न्यायालयाने बहुमताने तो नाकारला : नुसती गाडी उभी राहिल्याने प्रत्यक्ष नुकसान झालेले नाही. फलक वाचूनही गाडी लावली म्हणजे धोका पत्करला, या कारणावर जॅमर वैध ठरला; पण रक्कम वाजवी हवी, पैसे देताच सुटका हवी आणि पैसे द्यायला कोणीतरी भेटले पाहिजे, अशा अटींसह.

२०/ स्कॉटलंडच्या न्यायालयाने त्याआधीच, १९९२ मध्ये, खासगी जागेत गाडी जखडून पैसे मागणे ही खंडणी आणि चोरी ठरवली होती. पुढे इंग्लंड आणि वेल्समध्येही १ ऑक्टोबर २०१२ पासून खासगी जॅमरवर कायद्याने बंदी आली. गुरांचा वाडा जेथून आपल्याकडे आला त्या देशाने नुकसान आणि शिक्षा यांतला फरक अखेरीस ओळखला. पुसदच्या जंगलात ‘मानली जातील’ या दोन शब्दांनी पुसलेला फरक तो हाच.

२१/ भारतात याविषयी मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२७ आहे. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा अधिक बेवारस सोडलेले, अथवा कायद्याने मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन उचलून नेण्यास किंवा चाक जखडून जागीच थांबवण्यास, त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी मंजुरी देऊ शकतो. उचलून नेण्याचा खर्च मालकाचा. येथे दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. हा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याचा आहे, दुकानाच्या वा सोसायटीच्या रखवालदाराचा नाही. आणि जुने ई-चलान थकले म्हणून ते वसूल होईपर्यंत गाडी जखडून ठेवावी, असे या कलमात कोठेही म्हटलेले नाही.

२२/ वाहतुकीच्या दृष्टीनेही जॅमर हे चमत्कारिक औषध आहे. गाडी रस्ता अडवते ही तक्रार. उपाय म्हणून तिला तेथेच आणखी दोन तास खिळवून ठेवायचे. रुग्णवाहिकेची वाट अडली असेल तर गाडी हलवावी लागते, जखडून ती वाट मोकळी होत नाही. कोंडवाड्याने निदान गुरे पिकातून बाहेर काढली होती. म्हणून जॅमर हे मूलतः वसुलीचे साधन आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. वसुली हा गुन्हा नव्हे. तिला वाहतूक-नियोजनाचे नाव देणे ही मात्र फसवणूक आहे.

२३/ येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकावे. रस्ता सर्वांचा, चारचाकीवाला तो फुकट बळकावतो आणि पायी चालणारा, सायकलवाला, हातगाडीवाला गटारात ढकलला जातो. बलिष्ठाच्या गुरांनी दुर्बळाचे पीक खावे तसेच हे. हा युक्तिवाद खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. बाजारपेठेत दिवसभर मोटार लावून ठेवणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. प्रश्न असा की यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस, उमरखेड अशा गावांत आठवडी बाजाराला आलेल्या काळीपिवळीने, ऑटोने, ‘छोटा हत्ती’ने उभे राहायचे कुठे? कापसाच्या हंगामात बंड्यांना बाजाराच्या आवारात जागा असे. मोटारी वाढल्या, त्यांचे आवार कोण मोजणार?

२४/ शहराचे ई-क्लास म्हणजे विकास आराखड्यात वाहनतळासाठी राखून ठेवलेले भूखंड आणि इमारतीच्या नकाशात दाखवलेली गाड्यांची जागा. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली पहिली गोष्ट ठरते. २०२० च्या एकीकृत बांधकाम नियमावलीखाली दुसरी. आरक्षण कागदावर राहते, तळमजल्याच्या वाहनतळात दुकाने थाटली जातात, आणि मग रस्त्यावर उभी राहिलेली गाडी ‘बेकायदा’ ठरते. गायरान आधी गिळले गेले, कोंडवाडा नंतर भरला : हा १९३० च्या आधीचाच क्रम आहे. दंड मात्र गिळणाऱ्याला होत नाही.

२५/ आता आरंभी राखून ठेवलेला प्रश्न. वस्तू अडकवली की माणूस सुटतो का? १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर कर्जदार शेतकऱ्याच्या बाजूने १८७९ चा कायदा आला. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये आजही लिहिले आहे की कारागिराची हत्यारे, आणि शेतकऱ्याची औते व पोट भरण्यापुरती लागणारी गुरे कर्जवसुलीसाठी जप्त करता येत नाहीत. सावकाराचे हजारो रुपये बुडाले तरी बैलजोडीला हात लावायचा नाही, हे तत्त्व दीड शतकापासून आपल्या कायद्यात आहे. कर्जाने पिचलेल्या यवतमाळ जिल्ह्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

२६/ मग ५०० रुपयांच्या दंडासाठी ऑटोवाल्याचे चाक जखडणे कोणत्या तत्त्वात बसते? २०१९ च्या दुरुस्तीने या किरकोळ गुन्ह्याचा दंड पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १,५०० रुपयांपर्यंत गेला. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे त्याला जॅमर हा तासाभराचा वैताग. ज्याचे पोट त्या चाकावर आहे त्याला तो दिवसाच्या कमाईचा प्रश्न. समान यंत्र असमान माणसांना समान शिक्षा देत नाही. दंड त्यालाही व्हावा, पावती त्यालाही मिळावी. पण ज्या चाकावर तो दंड फेडण्याइतके कमावणार, तेच चाक अडकवणे हे वसुलीच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही.

२७/ म्हणून मागणी जॅमर मोडून टाकण्याची नसावी. १८७१ च्या पातळीला तरी येण्याची असावी. आधी वाहनतळाची जागा आणि तिची ठळक पाटी. ती नसेल तेथे जॅमर नको. दर चौकात लावलेला. जॅमर लावल्याची वेळ, जागा आणि अधिकाऱ्याचे नाव नोंदवहीत आणि पावतीवर. पैसे भरताच ठरावीक मिनिटांत सुटका, रात्रीसुद्धा. वाद असेल तर अनामत घेऊन गाडी सोडावी आणि तक्रार नंतर ऐकावी. चुकीच्या कारवाईला भरपाई. उपजीविकेच्या वाहनाला चलान, जॅमर नाही. आणि जमा दंड केवळ वाहनतळ उभारण्यासाठी. जॅमरच्या संख्येवर कोणाचाही मोबदला नको.

२८/ यातली बहुतेक कलमे नवी नाहीत. नोंदवही, ठरलेला दर, अनामत, भरपाई, लोकोपयोगी कामासाठी शिल्लक : हे सारे परक्या सरकारने गुरांसाठी लिहिले होते. त्यातले गायरान तेवढे त्याने लिहिले नाही, आणि त्याचे उत्तर पुसदच्या जंगलात मिळाले. स्वतंत्र देशातील नगरपालिकेला आणि पोलीस खात्याला दोन्ही लिहिता येतील. पुढच्या वेळी कोणा गाडीच्या चाकाला जॅमर दिसला, तर गाडीमालकाला दोष देण्याआधी आजूबाजूला नजर टाकावी आणि विचारावे : या गावाचे गायरान कुठे आहे?

(धागा समाप्त)